नियमात बसलेली पोर

बोरगाव्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे सरकवला आणि "आधी तोंड गोड करा बाई, मग कागद बघा," असं म्हणून ते खुर्चीत ऐसपैस बसले. मी विचारलं, कशाचे पेढे, मुलीचं लग्न ठरलं की काय? तर म्हणाले, "शून्याचे."

संख्याशास्त्र शिकवता शिकवता केस पिकायला लागले होते, पण शून्याचे पेढे मी त्या दिवशी पहिल्यांदाच खाल्ले.

बोरगावे रस्त्यांचे अभियंता. माणूस लाखातला, पण मनासारखा आकडा दिसला की लगेच त्याच्या गळ्यात पडायचे. तालुक्यात रस्ता सुरक्षेची एक समिती नेमली होती. तिच्यात ते होते, आणि पंचक्रोशीत संख्याशास्त्राची प्राध्यापिका म्हणून मी एकटीच सापडल्यामुळे मलाही तिच्यात ओढलं होतं. सायकलस्वारांसाठी सरकारची एक नवी योजना आली होती. तालुक्याला एक भुयारी मार्ग मिळणार होता, हमरस्त्याच्या पोटातून जाणारा, म्हणजे सायकलींना गाड्यांच्या समोर यायलाच नको. तो कुठे करायचा हे अपघातांच्या आकड्यांवरून ठरायचं होतं. गेल्या वर्षभरात जिथे सायकलस्वार दगावला असेल तीच जागा पात्र, असा नियम होता.

"आपला सातविहीर फाटा यातून सुटला," बोरगावे म्हणाले. तिथे पूर्वी दरवर्षी सायकलवाल्यांचे अपघात व्हायचे. दोन वर्षांमागे त्यांनी स्वतः उभं राहून तिथे एक पाटी लावून घेतली, 'सायकलस्वारांनी उतरून रस्ता ओलांडावा', आणि तेव्हापासून सायकलस्वारांचा अपघात एकही नाही. मरण सोडा, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आता भुयारी मार्ग गावातल्या बाजारचौकाला देता येईल. माझी फक्त सही हवी होती.

मी सही करणार होते, खोटं कशाला सांगू. पेढा बरा होता आणि मला चारच्या तासाला जायचं होतं. सवयीनं मी तेवढा शेजारचा रकाना बघितला. पादचाऱ्यांचा. सातविहीर फाट्यावर पायी चालणाऱ्यांचे अपघात त्याच दोन वर्षांत एकदम वाढले होते, आणि त्यातली एक मुलगी दगावली होती.

मी विचारलं, या फाट्यावर पायी कोण चालतं? फाट्याखालच्या खडकेवाडीपासून शाळा केवढी लांब, बाजार त्याहून लांब. वाडीत घरटी सायकल आहे. बोरगावे म्हणाले, ते पादचारी हो, त्यांचा आपल्या योजनेशी काय संबंध? आणि मग पेढ्याला गेलेला त्यांचा हात पुड्यातच राहिला. खाली जाऊन त्यांनी जीप काढली.

ऊसतोडीचा हंगाम होता. सातविहीर फाट्यावर हमरस्ता उंच भरावावरून जातो आणि वाडीची पायवाट खालून चढून त्याला येऊन मिळते. आम्ही पोचलो तेव्हा शाळा सुटली होती. पलीकडून पोरी सायकली हाणत आल्या. बोरगाव्यांची पाटी आली तशा सगळ्या एकेक करून खाली उतरल्या, अगदी शहाण्या मुलींसारख्या. कॅरिअरला दप्तरं, काहींच्या हँडलला दळणाच्या पिशव्या. दोन्ही हातांनी सायकल धरून, ती अंगावर कलू नये म्हणून वाकून, पावलापावलानं त्या तो रुंद रस्ता ओलांडू लागल्या. तेवढ्यात वळणावरून एक ट्रॅक्टर आला, मागे उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या. त्यानं भोंगा दिला पण वेग कमी केला नाही. तसल्या ओझ्यानं तो होणारही नव्हता.

मधोमध एक पोर होती. पुढे पळावं तर सायकल पळू देईना, मागे फिरावं तर सायकल फिरेना. सोडून द्यायचं तिच्या मनातही आलं नसावं. तिनं फक्त डोळे मिटले. ट्रॉली तिच्या चाकाला वारा घालून गेली आणि उसाची पाचट तिच्या केसांवर उडाली. मग ती डोळे उघडून पलीकडे गेली, सायकलवर बसली आणि मैत्रिणींच्या मागे उतारावर निघाली. रोजचंच असावं.

मी आयुष्यात बरंच काही विसरले, पण ते मिटलेले डोळे विसरू शकले नाही. ती जर मोकळ्या हातांनी चालत असती तर पळाली असती. सायकलवर असती तर दोन पायडल मारून निसटली असती. पाटीनं तिला दोन्हीकडून पांगळं केलं होतं, आणि तिला काही झालं असतं तर आमच्या कागदावर ती पादचारी म्हणून गेली असती. बोरगाव्यांचे सायकलस्वार वाचले नव्हते. ते या खिशातून त्या खिशात गेले होते.

बोरगाव्यांकडे बघवत नव्हतं. पाटीच्या खांबाला हात लावून ते उभे होते.

भरावाच्या खाली, शेताच्या बांधावर एक बाई उभी होती. पोरी जवळून गेल्या तशी ती प्रत्येकीकडे बघत होती आणि ओठ हलवत होती. नंतर कळलं, ती मोजत होती. शेवटची पोर वाडीच्या वाटेला लागली तेव्हा ती खाली बसली. बोरगावे हळूच म्हणाले, ती तानूबाई, गेल्या वर्षी गेलेल्या मुलीची आई. मी येत नाही, तुम्हीच बोला.

मी जवळ गेले तर तिनं मला बांधावर बसायला पदरानं जागा झाडून दिली. तिचा नवरा गवंड्याच्या हाताखाली कामाला, आठवडा आठवडा बाहेर. ही दुसऱ्याच्या रानात खुरपायला. थोरली उज्ज्वला, तिला सगळे उज्जी म्हणायचे, ती गेली. धाकटी राजी. ती येत्या जूनमध्ये गावातल्या शाळेत जाणार, म्हणजे याच रस्त्यावरून. मी आडवळणानं बोलत राहिले, पण शेवटी विचारावंच लागलं. उज्ज्वला त्या दिवशी सायकलवर होती का?

तानूबाईची मान ताठ झाली.

"न्हाई," ती म्हणाली. "उतरली हुती. मी हितं हिरीवर हुते, माज्या डोळ्यांनी बगितलं. रोज सांगायची मी तिला, उज्जे, उतरून चाल. एक दिवस तिनं माजा शबुद मोडला न्हाई. ट्रॉली आली तरी सायकल सोडली न्हाई तिनं. बापानं घेऊन दिल्याली, नवी हुती."

ट्रॉलीचा ड्रायव्हर कोर्टात सांगत होता की पोरगी सायकलवरून भर्रकन आडवी आली. तानूबाईनं पंचनाम्याला ठणकावून सांगितलं होतं, पायी होती. तिच्या बोलण्यावरूनच पोलिसांनी तसं लिहिलं होतं. हे सांगताना तिच्या आवाजात जे होतं त्याला अभिमानाशिवाय दुसरा शब्द नाही. पोर गेली होती, पण ऐकणारी पोर म्हणून गेली होती. वाडीत अजून आया आपल्या मुलींना उज्जीचं उदाहरण देत, असंही ती म्हणाली. हे एवढंच तिच्या पदरात उरलं होतं आणि ती ते फार जपत होती.

मी तिला योजना समजावून सांगितली. भुयारी मार्ग म्हणजे काय, तो कुणाला मिळतो, कागदावर दोन रकाने कसे असतात. शिकवायची खोड जात नाही, बोटानं मातीवर दोन रेघाही ओढल्या.

"मग माज्या उज्जीला कशात धरलंय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, पायी चालणाऱ्यांत.

"बरुबर हाय की. पायीच हुती."

तसं आहे म्हणूनच या फाट्याला काही मिळणार नाही, हे मला तिला सांगावं लागलं. ती मातीवरच्या रेघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, जूनला किती दीस ऱ्हायलं? मी सांगितलं. दिवस मावळत आला होता. त्या भरावावर वरती कुणी नव्हतं, तरी मला सारखं वाटत होतं की रस्त्याच्या मधोमध कुणीतरी सायकल धरून थांबलंय. मी असल्या गोष्टी मानत नाही. त्या संध्याकाळी मात्र मी मान वर करून बघितलं नाही.

समितीच्या बैठकीला अपघातग्रस्तांच्या घरच्यांना बोलावता येत असे. मी तानूबाईचं नाव घालून घेतलं. तिनं तिथे उभं राहून सांगावं की मुलीच्या हातात सायकल होती, आणि मी सांगावं की हातात सायकल असणारा माणूस सायकलस्वारच धरला पाहिजे, असा माझा बेत. माझी बाजू इतकी उघड होती की आपण हरू हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

बैठकीला प्रांतसाहेब अध्यक्ष होते. तरुण, सभ्य, कुणावर आवाज न चढवणारे. मी फळ्यावर दोन्ही रकाने मांडले. पाटी लागली त्या महिन्यापासून एक कसा उतरत गेला आणि दुसरा कसा चढत गेला, ते दाखवलं. बोरगावे स्वतः उठून म्हणाले, बाईंचं म्हणणं खरं आहे, पाटी माझी आहे, चूक माझी आहे. त्यांच्याविषयी मला त्या क्षणी फार वाटलं. एवढं बोलायला छाती लागते.

प्रांतसाहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि नियमाचं पुस्तक उघडलं. सायकलस्वार म्हणजे सायकल चालवत असलेली व्यक्ती. हातात धरलेली सायकल हे सामान. उद्या कुणी डोक्यावर खुर्ची घेऊन चालला तर त्याला बसलेला म्हणायचं का, असं ते म्हणाले, आणि काहीजण हसले. मी भांडले. वर लिहून विचारा म्हटलं. ते म्हणाले, विचारू, पण उत्तर यायच्या आत योजनेची मुदत संपेल. पाटी काढून टाकू. पुढच्या वर्षी आकडे बघू.

पुढच्या वर्षीचे आकडे कुठून येणार, हे त्या खोलीत एकाच बाईला कळत होतं. ती भिंतीकडेच्या बाकावर मांडीवर हात ठेवून बसली होती.

"तुमची तळमळ समजते बाई," प्रांतसाहेब मला म्हणाले, "पण प्रकरण नियमात बसत नाही."

"बसली हुती," तानूबाई म्हणाली.

सगळ्यांनी मागे बघितलं. ती उभी राहिली होती.

"काय म्हणालात?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

"सायकलीवर. बसली हुती माजी पोर."

त्यांनी पंचनामा काढला. म्हणाले, मावशी, इथे तर तुमच्याच जबानीत आहे की ती पायी होती.

"तवा तसं सांगितलं. पोरीला कुणी नाव ठिवू नये म्हनून."

"पाटी होती तिथे. उतरायचं तिला माहीत नव्हतं का?"

"म्हाईत हुतं. मी बी रोज सांगायची." तिचा डावा हात पदराच्या काठाशी चाळा करत होता, तो तिनं उजव्या हातानं धरून ठेवला. "ऐकायची न्हाई. लई हट्टी हुती."

मी उठले. मला काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. तानूबाईनं माझ्याकडे बघितलं, फक्त एकदाच, आणि मी खाली बसले.

प्रांतसाहेबांनी तिला शांतपणे सांगितलं की ही जबानी नोंदवली जाईल, ड्रायव्हरच्या खटल्यातही मागवली जाईल, मागे घेता येणार नाही. तिनं मान हलवली. मग तिनं एवढंच विचारलं, "आता बसतंय का नियमात?"

"बसतंय," ते म्हणाले.

बोरगाव्यांनी कागद पुढे ओढला. पंचनाम्याच्या वेळी ते जागेवर होते. ती सायकल कशी पडली होती, हँडल कुठल्या बाजूला होतं, हे त्यांनी बघितलं होतं; पोर उतरलेलीच होती हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शून्यावर रेघ मारली, शेजारी एक लिहिला आणि खाली सही केली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

मी पायऱ्यांवर तिला गाठलं. तानूबाई, हे काय केलंत, असलं काहीतरी बोलले असेन. ती पायांत चप्पल सरकवत होती. म्हणाली, "तुमी दोन रेगा काडून दाखवल्या न्हवत्या का बाई? ह्या रेगंत ऱ्हाऊन तिचा काय उपेग न्हवता. त्या रेगंत घातली." आणि थोडं पुढे जाऊन परत फिरली. "कुनाम्होरं बोलू नगासा. तिच्या बापाला बी न्हाई."

मी शब्द दिला आणि पाळला. पाळणं सोपं नव्हतं.

ड्रायव्हर सुटला. तानूबाईचा नवरा हे कळल्यावर वाडीला आला, आणि पोरीची बदनामी केलीस म्हणून वर्षभर तिच्याशी एक शब्द बोलला नाही. वाडीतल्या बायाही आधी कुजबुजल्या, मग मोठ्यानं बोलू लागल्या. एवढी गुणाची म्हणून मिरवत होती, आता निघालं ना खरं. पुढच्या दिवाळीपर्यंत सातविहीर फाट्याचा भुयारी मार्ग झाला. राजीच्या जूनला तो झाला नाही, ती पहिले काही महिने तानूबाईचा हात धरून रस्ता ओलांडत होती. नंतर खालून जाऊ लागली. सगळ्याच पोरी जाऊ लागल्या. त्यानंतर तिथे ना सायकलवालं कुणी दगावलं ना पायी जाणारं, दोन्ही रकाने रिकामे, आणि हे शून्य खरं होतं, मी स्वतः तपासलं होतं. तरी बोरगाव्यांनी पेढे आणले नाहीत. तो विषय आमच्यात पुन्हा निघालाच नाही. ते निवृत्त होऊन गेले तेव्हा निरोपाच्या भाषणातही त्यांनी सातविहिरीचं नाव घेतलं नाही.

मी मात्र शिकवत राहिले. वर्गीकरणाचा पाठ आला की माझा हात फळ्यावर अडायचा. मुलांना वाटायचं बाई विसरल्या. रकान्यांच्या मधल्या रेघेवर मला कुणीतरी उभं दिसायचं, दोन्ही हातांनी काहीतरी धरून, ना या बाजूचं ना त्या बाजूचं. मी रेघ जाड करायची आणि पुढे जायची. अजूनही पेपरात अपघातांचे आकडे छापून येतात, इतके घटले, इतके वाढले. लोक वाचून पान उलटतात. मला पान उलटवत नाही. यातल्या कुणाला कुणी कुठल्या रकान्यात नेऊन ठेवलं असेल, आणि त्यापायी काय काय गिळलं असेल, हे मनातून जात नाही.

गेल्या वर्षी खडकेवाडीला गेले. तानूबाई थकली आहे, पण हात रिकामे ठेवत नाही. अंगणात बसून शेंगा फोडत होती. राजी माहेरी आली होती. ती आता एका दवाखान्यात परिचारिका आहे, बोलायला मोकळी, आईसारखीच उंच. तिनं मला चहा दिला आणि माझ्याजवळ बसली. तिची सात-आठ वर्षांची लेक अंगणात सायकल शिकत होती. ती फाटकातून बाहेर वाटेवर गेली, राजीनं हाक मारली, पोरगी हसून आणखी लांब गेली.

राजी चपला न घालताच धावली आणि तिला दंडाला धरून घेऊन आली. रागानं आणि भीतीनं तिचा चेहरा लाल झाला होता.

"कितींदा सांगितलं लांब जायचं नाही म्हणून? उज्जीमावशीगत करायचंय का तुला? ती पण अशीच आजीचं ऐकायची नाही."

पोरीनं रडवेलं तोंड करून आजीकडे बघितलं. "खरंच गं आजी? उज्जीमावशी ऐकायची नाही?"

मी तानूबाईकडे बघितलं. तिच्या हातातली शेंग फुटली, दाणे तिनं सुपात टाकले. तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं.

"व्हय गं बाळ," ती म्हणाली. "आमची उज्जी ऐकायची न्हाई. तू ऐकत जा."